गमऱ्यांनी अडवलेला वारा

तुर्भ्याच्या एमआयडीसीत, दगडखाणींकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पत्र्याची शेड होती. साधारण अठ्ठ्याऐंशी साली रविवारी सकाळी तुम्ही तिथे गेला असतात, तर बाहेर चार-पाच मोटरसायकली उभ्या दिसल्या असत्या. एखादी पुण्याची, एखादी नाशिकची, कधी थेट बंगळुरूची. आत एका गाडीवर नवरा-बायको बसलेले, मागे कॅरिअरला बॅगा, स्टोव्ह, पाण्याचा कॅन, सगळं आत्ता निघायचं असल्यासारखं करकचून बांधलेलं. पण गाडी जागची हलत नाही आणि त्या दोघांनाही हलायची परवानगी नाही. त्यांच्याभोवती एक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस खडू घेऊन फिरतोय. कानामागे पेन्सिल, दोन्ही हातांना कोपरापर्यंत खोबरेल तेल, कारण फायबरची खाज एकदा सुटली की माणूस वेडा होतो. ते हिरामण गमरे.

लांबच्या प्रवासाला जाणाऱ्या मोटरसायकलींना ते फेअरिंग बसवून द्यायचे. फेअरिंग म्हणजे गाडीच्या तोंडाला बसवायचं फायबरचं कवच. त्याच्यावर वाकवलेली काच असते आणि समोरचा वारा माणसाच्या अंगावर येत नाही. जुनी विलायती फेअरिंग भंगारातून शोधायची आणि आपल्या बुलेटला अशी बसवायची की गाडी जन्मली तेव्हापासून ती तिथेच आहे असं वाटावं, हे काम आमच्या भागात दुसरं कोणी करत नव्हतं. लोक रांगा लावायचे. गमरे कोणालाच घाई करू देत नसत.

मी मालती टिपणीस, वाशीची. तापट आहे आणि खरं तोंडावर बोलते अशी माझी ख्याती आहे. ह्या गोष्टीत मात्र मी खोटं बोलले होते. एकच शब्द, पण त्यापायी ह्या माणसाची सगळी मेहनत पाण्यात गेली. गमऱ्यांबद्दल सगळे चांगलं सांगतात, पण त्यांनी पहिली फेअरिंग कशी केली ते मीच सांगू शकते, कारण ती माझ्या गालासाठी होती.

आम्ही शहात्तर साली दादर सोडून वाशीत आलो. नवरा शिवराम ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत होता. सिडकोच्या इमारती नव्या, झाडं कमरेएवढी, आणि भाजीला गेलं की ओळखीचीच माणसं भेटायची, कारण अनोळखी कोणी राहतच नव्हतं. आम्हाला मूलबाळ नाही. का नाही, असं विचारणाऱ्यांना मी चहा देत नाही. आमच्याकडे होती ती बुलेट, लग्नानंतर पाच वर्षांनी घेतलेली. तिच्यावरून आम्ही हंपी पाहिली, बदामी पाहिली, गोवा तर मोजलंच नाही. शिवराम घरात दिवसाला दहा वाक्यं बोलतो, गाडीवर मात्र त्याला कंठ फुटतो. माझा संसार खरा तर त्या गाडीच्या मागच्या सीटवर झाला.

एक्याऐंशीच्या सुरुवातीला एका सकाळी दात घासताना माझ्या उजव्या गालात विजेचा झटका बसावा तसं झालं. मी बेसिनला धरून उभी राहिले. मग ते रोज व्हायला लागलं. डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याच्या नसेचं दुखणं आहे, गोळ्या घ्या आणि वारा टाळा. पंख्याच्या वाऱ्यानेही कळ यायची. गालाला कापड लागलं तरी यायची, म्हणजे मफलर नाही, हेल्मेट नाही, काही नाही. मोटरसायकलवर वारा टाळा म्हणजे नदीत बसून पाणी टाळा.

शिवरामने बुलेटवर ताडपत्री घातली आणि कंपनीच्या बसने जायला लागला. एका शब्दाने बोलला नाही. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्र्याऐंशीच्या जानेवारीत आमच्या लग्नाला वीस वर्षं होणार होती आणि त्या वेळी गाडीवरून कन्याकुमारीला जायचं, हे लग्न झालं त्याच वर्षी ठरलेलं. एकदा जेवताना तो म्हणाला, "पनवेलचा एक जण गाडी मागतोय. जानेवारीत देऊन टाकू." मी ताट सरकवून उठले. माझ्यामुळे त्याची गाडी जाणार, हे मला सहन होईना. आणि मला स्वतःला मागच्या सीटवर परत बसायचं होतं, अगदी लहान मुलासारखं हवं होतं ते.

त्याच्याही मनात तेच असणार. कारण एका शनिवारी तो कुर्ल्याच्या भंगारातून एक फेअरिंग घेऊन आला. कोणीतरी इंग्रज जोडपं लंडनहून रस्त्याने इथवर आलेलं आणि मुंबईत गाडी टाकून गेलेलं, तिची ती. वीसेक वर्षांची जुनी, पांढऱ्याची पिवळी झालेली, काचेवर ओरखडे. मुंबईतल्या एका गॅरेजवाल्याने ती हँडलवर बोल्टांनी आवळून दिली. पन्नासच्या पुढे गेलं की हँडल थरथरायचं, आणि वारा खालून येऊन नेमका माझ्या गालावर. सायनच्या पुढे मी गाडी थांबवायला लावली. फेअरिंग काढून गॅलरीत ठेवली. चांगली खोलगट होती, मी तिच्यात कांदे-बटाटे ठेवायला लागले.

हे सगळं असं असताना आमच्या सोसायटीची गच्चीवरची फायबरची टाकी गळायला लागली आणि ती सांधायला गमरे आले. खालचा पाइप बघायला आमच्या गॅलरीत शिरले आणि तिथेच थांबले.

"ह्यात कांदे कोनी ठेवले?"

"मी ठेवले. का?"

"काढा ते."

माझं पित्त खवळलं. माझ्या घरात मला कांदे काढायला सांगणारा हा कोण? पण ते माझ्या उत्तरासाठी थांबलेच नव्हते. खाली बसून त्यांनी स्वतःच कांदे पेपरवर ओतले, फेअरिंग उलटी केली आणि आतून तळवा फिरवायला लागले. "हातानं केलेली हाय," ते म्हणाले. "ही बाजू मन लावून केलीय. इथं माणूस कंटाळला होता. बघा, बुडबुडे." मी वाकून पाहिलं. खरंच होते. मग का कोण जाणे, मी त्या अनोळखी माणसाला गालाचं, कन्याकुमारीचं, पनवेलच्या गिऱ्हाइकाचं, सगळं सांगून टाकलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "साहेबांना सांगा, मी बसवून देतो. पन माझ्या पद्धतीनं."

गमरे खेड तालुक्यातल्या एका वाडीवरचे. विशीत मुंबईला आले ते फायबरच्या कारखान्यात लागले. नऊ वर्षं काम काय, तर घासायचं. दुसऱ्याने साच्यातून काढलेल्या टाक्या, खुर्च्या, होड्या घासून गुळगुळीत करायच्या. साचा बनवणारा मिस्त्री त्यांना जवळ फिरकू द्यायचा नाही. तू घासणारा, घास, म्हणायचा. एकोणऐंशी साली त्यांनी आणि त्यांच्या बायकोने, रखमाने, तुर्भ्याला ही शेड घेतली. दारातच बुद्धांची तसबीर आणि खाली केमिकलचे डबे. लोकांचं फुटलेलं सांधून द्यायचं, हा धंदा. "सगळं लोकांचं जोडलं," ते एकदा मला म्हणाले, "आपलं म्हनून काय नाय बनवलं अजून."

त्यांची पद्धत म्हणजे माप घेण्याची. रिकाम्या गाडीला ते हात लावत नसत. पूर्ण सामान बांधा, टाकी भरा, चालवणारा बसवा, मागचं माणूस बसवा. "वजन पडलं की गाडी मागं बसते, तोंड वर होतं," ते म्हणाले. "शिंपी मानसाचं माप घेतो, हँगरचं घेतो काय?" शिवरामला हे एकदम पटलं. मला पटलं तरी मी तोंड वाकडं केलं, सवयीने.

ब्याऐंशीच्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी आम्ही सामान बांधून तिथे गेलो. बातमी पसरलेली. शेजारच्या शेडमधले वेल्डर, खाणीवरच्या ट्रकचे ड्रायव्हर, दहा-बारा पुरुष बिड्या ओढत दारात उभे. मी पदर सावरला आणि चारचौघी बसतात तशी, दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसले. गमऱ्यांनी खडू उचलला, मग थांबले.

"ताई, लांबच्या प्रवासात अशाच बसता ना?"

"हो," मी म्हटलं.

हेच ते खोटं. वाशीतून आम्ही निघायचो तेव्हा मी साडीतच असायचे. पनवेलच्या एसटी स्टँडवर आत जाऊन कपडे बदलायचे आणि शिवरामची जुनी पँट घालून, दोन बाजूंना दोन पाय टाकून, पुरुषासारखी बसायचे. परत येताना पनवेललाच पुन्हा साडी. हे आम्हा दोघांशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. चाळिशीची बाई, त्या बिडीवाल्यांसमोर हे सांगायचं? माझी जीभ एरवी कात्रीसारखी चालते, तेव्हा टाळूला चिकटली. गमऱ्यांनी पुन्हा एकदा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं. पुढे बसलेल्या शिवरामने ते ऐकलं होतं, पण बायकोची लाज चारचौघांत कशाला काढा म्हणून तोही गप्प राहिला. नंतर विसरूनही गेला.

गमऱ्यांनी फेअरिंग हँडलवर न लावता खाली चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, पाइपाच्या चौकटीवर बसवली, म्हणजे हँडल मोकळं झालं, थरथर गेली. पण एका बाजूला पाय सोडून बसलं की माणसाचं तोंड गाडीच्या डावीकडे झुकतं. म्हणून त्यांनी फेअरिंग वीतभर डावीकडे सरकवली, आणि उजवीकडे हँडलची मूठ अडायला लागली तशी उजवी कड चार बोटं कापली. कापण्यापूर्वी त्यांनी करवतीच्या पात्याला हात लावून डोळे मिटले होते. ते जुनं फायबर म्हणजे एकच नग, दुसरा मिळणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघंच गाडी घेऊन निघालो. पनवेलला मी नेहमीसारखे कपडे बदलले. नेहमीसारखी बसले. खोपोलीच्या रस्त्याला शिवरामने सत्तरचा वेग धरला आणि कापलेल्या उजव्या कडेवरून वारा आत वळला तो थेट माझ्या गालावर. अशी कळ मी आयुष्यात अनुभवली नव्हती. रस्त्याच्या कडेला मी अर्धा तास मान खाली घालून बसले, लाळ गळत होती ती पुसायचीही सोय नव्हती. शिवराम माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "बास झालं. जानेवारीची वाट बघायची नाही. उद्याच देऊन टाकू गाडी."

आम्ही तसेच, अगदी सावकाश, तुर्भ्याला गेलो. मी कशीबशी पँटवरूनच साडी गुंडाळली होती. शिवराम, जो आयुष्यात कोणावर ओरडला नाही, तो सगळ्या वेल्डरांसमोर गमऱ्यांवर ओरडला. "जमत नव्हतं तर हात कशाला घातलात? माझी बायको रस्त्यावर पडली असती." गमरे गाडीभोवती फिरत राहिले, माप ताडून बघत राहिले. कुठे चुकलं ते त्यांना सापडेना, कारण चुकलंच नव्हतं. चेहरा असा उतरलेला की कारखान्यातला तो मिस्त्री बरोबरच म्हणत होता असं त्यांना वाटत असावं. मला सगळं कळत होतं आणि मी गप्प उभी होते. त्या पाच मिनिटांची लाज मला आजही वाटते.

रखमा चहा घेऊन आली. तिने माझ्या हातात ग्लास दिला आणि खाली पाहिलं. साडीच्या काठाखालून चिखल लागलेली पँट दिसत होती. ती हळूच म्हणाली, "ताई, गाडीवर पँट घालून बसलेलात काय?"

मग लपवायला उरलंच काय. मी मोठ्याने बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "गमरे, मी खोटं सांगितलं. मी नेहमी दोन बाजूंना पाय टाकून बसते. तुमचं काही चुकलेलं नाही. माझंच चुकलं."

शिवराम माझ्याकडे बघतच राहिला, मग कपाळाला हात लावून पत्र्याला टेकला. गमरे एका उलट्या डब्यावर बसले. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे माप बरोबर होतं?"

"अगदी बरोबर होतं."

"मग ठीक हाय," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मला वाटलं होतं शिव्या घालतील. रखमाने मात्र सोडलं नाही. म्हणाली, "आमचं मानूस आठवडाभर झोपलं नाय ह्या कापाकापीपायी. एक शब्द सांगायला काय झालं होतं तुमाला?" मी माफी मागितली. मला माफी मागायची सवय नाही, त्यामुळे ती नीट जमली नाही, पण मागितली.

आता पंचाईत अशी की कापलेली कड परत येत नाही. उपाय एकच होता. जुनी फेअरिंग प्लास्टरने भरून हवी तशी घडवायची, तिच्यावर साचा घ्यायचा आणि साच्यातून नवीनच काढायची. गमऱ्यांनी हात पुसले. "साचा मी कधी केला नाय," ते म्हणाले. "नऊ वर्षं लांबून बघितलाय फक्त."

"मग आता जवळून बघा," मी म्हटलं. "आणि माप उद्याच घ्या. मी येते."

दुसऱ्या दिवशी मी वाशीतूनच पँट घालून निघाले. जिन्यात शेजारच्या केशरबाई भेटल्या, त्यांच्या हातातली पिशवी तिरकी झाली. शेडमध्ये मी ताठ बसले, दोन बाजूंना दोन पाय टाकून, दोन तास. एक वेल्डर फिदीफिदी हसला. मी त्याला म्हटलं, "तुझी आई बसलीय असं समज आणि मग हस." तो कामाला निघून गेला.

पुढचा महिनाभर मी जवळजवळ रोज तिथे होते. गमऱ्यांनी प्लास्टर घासून घासून असं गुळगुळीत केलं की त्यात तोंड दिसावं. घासायचं काम त्यांच्याइतकं कोणाला येत होतं? मग मेणाचे हात दिले, एकावर एक सात. त्यावर फायबरचं चटईसारखं मॅट आणि केमिकल. सुकल्यावर साचा सुटायचा दिवस आला तेव्हा त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मेण कुठे कमी पडलं असेल तर सगळं एकमेकांना चिकटून एकच गोळा होणार. लाकडी पाचर मारली, फटीत पाणी ओतलं, हातोडीने हळूहळू ठोकलं. शिवराम आणि रखमा एकेका टोकाला धरून. बराच वेळ काहीच झालं नाही. मग आतून टक्क असा आवाज आला आणि साचा वर उचलला गेला. गमऱ्यांनी तो उलटा करून आत पाहिलं. मग रखमाच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

त्या साच्यातून फेअरिंग निघाली ती त्यांची स्वतःची पहिली वस्तू. तिच्यात तीन बुडबुडे होते. तिन्ही त्यांनी मला बोट ठेवून दाखवले. काच म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच, ती वाशीतल्या विलास पेंटरने वाकवून दिली, जो दुकानांच्या प्लास्टिकच्या पाट्या बनवायचा.

गालावर पुन्हा प्रयोग करायला गमरे तयार नव्हते. वारा कुठे वळतो ते दिसावं म्हणून त्यांनी माझी विणकामाची लाल लोकर मागून घेतली, बोटाएवढे तुकडे केले आणि ते काचेच्या कडेला, शिवरामच्या हेल्मेटला, माझ्या टोपीला चिकटवले. नेरुळला तेव्हा सिडकोने रस्ते केले होते आणि घरं अजून यायची होती. त्या मोकळ्या रस्त्यांवर आम्ही तीसच्या वेगाने गेलो, आणि बाजूने विलासच्या स्कूटरवर मागे बसून गमरे, नजर माझ्या टोपीवर. शिवरामचे धागे गप्प होते. माझे मात्र उभे राहून पुढच्या बाजूला नाचत होते. वारा वरून जाऊन मागे वळत होता आणि माझ्या पाठीकडून परत येत होता.

शेडमध्ये परतल्यावर गमरे दाराशी उभे राहिले. शेडचं दार वाऱ्याने आपटायचं, म्हणून रखमा मागची खिडकी उघडी ठेवायची. खिडकी बंद असली की दार आपटतं, थोडी उघडी असली की गप्प. त्यांनी खिडकी लावून पाहिली, उघडून पाहिली, तीन-चार वेळा. मग येऊन त्यांनी त्या कोऱ्या फेअरिंगवर, काचेच्या अगदी बुडाशी, पेन्सिलीने दोन बोटं रुंद पट्टी आखली.

"इथं फट पाडतो. थोडा वारा आत घेऊ."

"अहो, महिनाभर वारा बाहेर ठेवायला मरतोय आपण," शिवराम म्हणाला.

"थोडा घेतला की बाकीचा मागं वळणार नाय. जागा भरलेली असंल ना."

शिवराम माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "पाडा." एकदा त्यांचं माप बरोबर होतं हे मला चांगलंच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी नेरुळच्या रस्त्यावर तीस झाले, चाळीस झाले, साठ झाले. स्कूटरवरून गमरे काहीतरी ओरडत होते, ते ऐकू येईना. मी टोपीला हात लावला. लोकरीचे धागे केसांसारखे पडून होते. मी मान उजवीकडे वळवली, गाल पुढे केला, मुद्दाम. काही नाही. शिवरामला म्हटलं, वाढव. सत्तर. काही नाही. मी शिवरामच्या पाठीत गुद्दा मारला आणि रडायला लागले. त्याला वाटलं कळ आली. त्याने करकचून ब्रेक मारला.

सोळा जानेवारीला आम्ही निघालो. वाशीतून, पँट घालूनच. पुण्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला आणि शिवराम नेहमीसारखा बोलायला लागला, हे झाड कुठलं, ती टेकडी कुठली. कराडच्या अलीकडे त्याने एकदम गाडी बाजूला घेतली आणि घाबरून मागे वळला. मी बराच वेळ उत्तर देत नव्हते म्हणे. मी झोपले होते. ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्या मोटरसायकलवर, त्याच्या पाठीला डोकं टेकून, घरातल्यासारखी. उजवा गाल उघडा.

कन्याकुमारीला आम्ही लग्नाच्या तारखेआधी एक दिवस पोचलो. समुद्र पाहिला, छान होता. पण मला विचाराल तर मला आठवते ती कराडची झोप. जातानाच तिरुनेलवेलीच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर शिवराम म्हणाला, आता तू चालव; गोव्याच्या खेपांत त्याने मला शिकवून ठेवली होती. मी चालवली, येतानाही बरीच चालवली. पनवेलच्या गिऱ्हाइकाला त्याने बंगळुरूहूनच पत्र टाकलं की गाडी विकायची नाही.

फेब्रुवारीत परत आलो ते आधी तुर्भ्याला गेलो. गमऱ्यांनी आम्हाला कसं झालं ते विचारलंच नाही. खाली बसून बोल्ट तपासले, चौकटीला हात लावून पाहिला, कुठे तडा गेलाय का ते बॅटरी मारून शोधलं. शिवराम सांगत सुटला, गाडी इतकी स्थिर, मालती झोपली, वगैरे. गमरे ऐकत होते, पण ऐकीव गोष्ट ऐकावी तसे. माझ्या लक्षात आलं.

"गमरे, तुम्ही स्वतः हिच्या मागे बसलात कधी?"

"आमी कुठं बसनार. आमी बाजूनं बघनार."

"बसा."

त्यांनी शिवरामकडे पाहिलं. मी म्हटलं, "तो इथे रखमाबाईंशी बोलत चहा पिईल. मी नेते तुम्हाला." आणि किक मारली. दारात वेल्डर जमले होते, त्यांनी वाट दिली. गमरे हात पुसत आले, संकोचत मागे बसले, मला धक्का लागू नये म्हणून कॅरिअरला मागे घट्ट धरून.

हायवेला लागून मी पनवेलची दिशा धरली. नेरुळ मागे पडलं तशी सत्तरच्या पुढे गेले. बराच वेळ मागून काहीच हालचाल नाही. मग आरशात दिसलं, त्यांनी एक हात कॅरिअरवरून सोडला होता आणि बाजूला लांबवर बाहेर काढला होता. बाहेर नेला की शर्टाची बाही फडफडायची आणि तळवा मागे ढकलला जायचा. आत घेतला की बाही गप्प. पुन्हा बाहेर नेला, पुन्हा आत घेतला. मी मान थोडी वाकडी करून आरशात त्यांचा चेहरा पाहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यांनी केलेल्या त्या फेअरिंगमागे वारा अजिबात नव्हता, त्यामुळे वाऱ्याने पाणी आलं असं त्यांना म्हणता येणार नव्हतं. त्यांनी तसं म्हटलंही नाही. पनवेलपर्यंत हात आत-बाहेर करत राहिले.